मळकी पलटण

चिखलावर माझ्या मामेभावाइतका जीव टाकणारा प्राणी आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, म्हशी जमेला धरूनसुद्धा, दुसरा सापडायचा नाही. सुलतानपूरला मामाचा भाजीपाल्याचा मळा आहे, त्यामुळे चिखलाशी संबंध सगळ्या घराचाच. पण बाकीचे तो धुऊन टाकतात आणि हा तो रंगवतो. पुण्याला शिकायला होता तेव्हा खोलीतल्या सोबत्याकडून त्याला हा नाद लागला. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक मागवायचे, ते रंगवायचे, आणि टेबलावर फौजा मांडून फासे टाकत लढाई खेळायची. शिक्षण पुण्यातच राहिलं, नाद तेवढा गावी आला. याची पलटण म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले आपल्याकडचे जवान. रंग देऊन झाला की दुसरा कुणी हात धुऊन उठला असता. याचं खरं काम तिथून सुरू होतं. नव्याकोऱ्या गणवेशावर तो चिखल, धूळ, घामाचे डाग, बकलावर गंज असं काय काय चढवत बसतो. याला तो 'मळवणं' म्हणतो. "ताई, कोरा शिपाई म्हंजे परेडचा शिपाई. महिनाभर खंदकात राह्यलेला मानूस असा दिसंल काय?" असं मला विचारतो. मी मेहकरच्या एका शाळेत मराठी शिकवते. खंदकाशी माझा कधी संबंध आलेला नाही.

माणूस भेटला की आपण तोंडाकडे बघतो, हा पायजम्याच्या टोकाकडे बघतो. एकदा मेहकरच्या स्टँडवर माझ्यादेखत त्याने एका अनोळखी म्हाताऱ्याला विचारलं, "काका, तुमच्या धोतराले हे कोन्त्या वावरातलं लागलं?" म्हातारा त्याला नखशिखान्त न्याहाळून पिशवीसकट पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसला. शेजाऱ्याने दसऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लाल रंग दिला, तर हा दोन दिवस नीट जेवला नाही. "इतक्या पावसाळ्यायचा गंज होता, ताई. वाटोळं केलं!" लोक देवाला गेले की प्रसाद आणतात, याला माती लागते. मी जळगाव जामोदला एका लग्नाला गेले तर मागोमाग याचा फोन, "सातपुड्याच्या पायथ्याची चिमूटभर माती आनजो." आणली बाई, रुमालात बांधून आणली. परतीच्या बसमध्ये ती पुडी माझ्या नव्या पैठणीवर सुटली. घरी आल्यावर हा हळहळला, पण मातीसाठी! मग मला उभी करून पैठणीच्या निऱ्यांमधून ब्रशने ती माती कागदावर झाडून घेतली. पैठणीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

हा सगळा उद्योग चालतो मळ्यातल्या, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. मामी गुडघ्यांमुळे मळ्यात जात नाही, त्यामुळे पोरगा तिथे 'बाहुल्या रंगवून राह्यला' यापलीकडे तिला ठाऊक नव्हतं. ब्रशला टोक यावं म्हणून तो त्याचे केस ओठांत धरून ओढतो. जेवायला घरी येतो तेव्हा कधी ओठ खाकी, कधी हिरवे. ब्रश धुण्याचं पाणी नेमकं स्टीलच्या पेल्यात असतं. मामाने एकदा ते कोरा चहा समजून अर्धा पेला घेतलं आणि वर "साखर कमी हाये" असं सांगितलं. गावात खेळायला गडी मिळत नाही, म्हणून पाहुणेमंडळी पकडली जातात. आमचे हे एका रविवारी सापडले. ह्यांचे फासे भलतेच चालले, नियमाप्रमाणे याचे जवान पटापट पडायला लागले. पण हा काही त्यांना मेलेलं मानीना. "मेले नाईत भाऊजी, जखमी हायेत," म्हणून तो एकेकाला उचलून चहाच्या बशीत ठेवायचा. बशी म्हणजे दवाखाना. थोड्या वेळाने बशीतले बरे होऊन पुन्हा मोर्च्यावर. ह्यांनी दुपारभर लढाई जिंकली आणि शत्रूचा एकही माणूस कमी झाला नाही. मी त्याला टोकलं, तर म्हणाला, "एकेकाच्या तोंडावर आठ आठ दिवस काम केलं, ताई. त्याच्या बुटात पानी शिरलं हे मले माहीत हाये. असाच कसा मरू देऊ त्याले?" मला हसू आलं आणि त्याच्याबद्दल माया दाटून आली, दोन्ही एकदमच.

अशा माणसाचं लग्न जमवायचं म्हणजे मुंग्यांना वेसण घालण्यातला प्रकार. तीन स्थळं गेली. एका ठिकाणी मुलगी समोर बसलेली, आणि याने तिच्या वडिलांना विचारलं, "तुमच्या गेटचा गंज किती वर्षांचा असंल?" त्या भल्या माणसाने गेटला रंग दिला आणि आम्हाला नकार. दुसरीकडच्यांनी "पोरगं चांगलं हाये, पन..." म्हणून कपाळाजवळ बोट फिरवलं. मामी देवापुढे बसली की उठेना. अखेर जळगाव जामोदचं एक स्थळ मी आणलं. मुलीचं तिथे ब्युटी पार्लर. फोटो पसंत पडले, फोनवर दोघांचं बोलणंही झालं, आणि आईवडिलांबरोबर मुलगी घर पाहायला येणार असं ठरलं. मी याला बजावलं, त्या बाहुल्यांचा विषय लग्नापर्यंत काढू नकोस. एरवी माझं ऐकणारा हा एकदम ताठ झाला. "नाई ताई. लपवून लग्न नाई करनार. मी काय करतो ते तिले आधीच दिसू दे. मंग नाई म्हनली तरी चालंल." पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्याने पलटणीतले सर्वांत चांगले मळलेले जवान अंड्यांच्या ट्रेमधून घरी आणले आणि बैठकीतल्या शोकेसमध्ये मांडले.

सकाळी तो वांगी तोडायला मळ्यात गेला. मामीने शोकेस उघडलं आणि कपाळावर हात मारला. परक्या घरची माणसं येणार, आणि या बाहुल्यांवर बोटभर धूळ! मी पोचले तेव्हा ओसरीवर घमेलं होतं, त्यात कपड्यांच्या पावडरचा फेस, आणि मामी जुन्या टूथब्रशने एकेका जवानाला खसाखसा घासून सुपात वाळत घालत होती. इटलीचा अख्खा चिखल मोरीतून वाहून गेला होता. तेवढ्यात हा आला. "पाय बाबू, कसे लखलख झाले!" मामी कौतुकाने म्हणाली. शेजाऱ्याच्या ट्रॉलीसाठी दोन दिवस नीट न जेवणारा माणूस हा! त्याने सुपाकडे पाहिलं. मग आईच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. म्हणाला, "मस्त झाले, आई." आणि स्वतःच्या हाताने ते सगळे पुन्हा शोकेसमध्ये मांडून ठेवले.

पाहुणे आले. मुलगी शोकेसपाशी थांबली, "छान हायेत," म्हणाली. हा "हाव" म्हणून खाली बघत राहिला. इतक्या हौसेने जे दाखवायचं होतं ते मोरीत गेलेलं, आणि सांगावं तर आई पाहुण्यांपुढे उघडी पडणार. हेही स्थळ गेलं असं मी धरूनच चालले. तोच तिने एक जवान उचलला, उलटा-पालटा केला, खिडकीपाशी नेला. पाठीवरच्या पिशवीच्या खोबणीत ब्रश पोचला नव्हता. "इथं चिखल राह्यला," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून हळूच, "हा मुद्दाम लावलेला हाये ना? सगळ्यायलेच होता काय?" याचे कान लाल झाले. "हळू बोला," तो कुजबुजला. "आईनं धुतले सकाळी. तिले माहीत नाई." मामी पोह्यांच्या बश्या घेऊन आली, तशी मुलगी वळली आणि मोठ्याने म्हणाली, "काकू, किती लखलख ठेवले हो तुम्ही हे!" मामीचा चेहरा असा फुलला की विचारू नका. लग्न तिथेच जमलं. पुढची बोलणी नुसती रीत म्हणून झाली.

मामीची आजही पक्की समजूत आहे की सून मिळाली ती तिच्या धुण्यामुळे. म्हणून दरवर्षी दिवाळीआधी पलटणीला आंघोळ घडतेच, आणि नंतर नवराबायको मोटारीच्या खोलीत बसून ती पुन्हा मळवतात आणि शोकेसमध्ये आणून मांडतात. ती पार्लरचे बारीक ब्रश घेऊन डोळ्यांखाली जागरण रंगवते, हा बुटांचं बघतो. मामीला कोणी काही सांगितलेलं नाही, मलाही शपथ आहे. पण दोन वर्षांपासून मामीची नजर अधू झाली आहे. गेल्या दिवाळीला तिने एक जवान डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ फिरवून पाहिला, "साफ हायेत यंदा," म्हणून न धुताच परत ठेवला आणि उगीचच पदराने हात पुसत बसली. यंदा मी गेले तर मोटारीच्या खोलीत हा चिखल चांगला थापून लावत होता, बुटांपासून पार कमरेपर्यंत. मी म्हटलं, "अरे, इतका कुठे असतो? सगळं काम बिघडवलंस की!" त्याने मान वर केली नाही. "असू दे ताई," म्हणाला, "आईले दिसला पाह्यजे."