समोरचं एक घर सोडून

माझी आई प्यारीबाई हिचं ज्याच्याबद्दल काही मत नाही, असा माणूस घोडेगावात सापडायचा नाही. आमचं किराणा-भुसाराचं दुकान एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वडील झुंबरलाल मागे पोत्यांत, आई पुढे गल्ल्यावर. डोंगरातल्या गाड्या सकाळी खाली आल्या की गिऱ्हाईक यायचं, आणि साखरेबरोबर आईचं एखादं मत पुडीत बांधून घेऊन जायचं.

"हात जोडून येणाऱ्या पुढाऱ्याचे हात बघू नयेत," ती म्हणायची. "पाय बघावेत. पाय पुढच्या दाराकडे वळलेले असतात."

दिल्लीतलं सरकार वर्षाला एकदा पडायचं त्या काळात वडील रेडिओला कान लावून बसत. आई विचारायची, "सरकार पडलं म्हणून आहुप्याची गाडी चुकली का? नाही ना? मग चवळी निवडा."

आम्ही स्थानकवासी जैन. घरात कांदा-बटाटा शिजत नसे, दुकानात मात्र पोत्यांनी असे. वरच्या डोंगरातली लंकाबाई हिरडा विकायला यायची, ती एकदा म्हणाली, "प्यारीबाय, कांदा तुमी खायाचा न्हाई, आन आमाला इकायचा. मंग पाप आमच्या पोटात घालता व्हय?"

"तुझं पाप वेगळं, माझं वेगळं," आई म्हणाली. "खाणं हे पाप आहे. विकणं हा धंदा आहे."

लंकाबाई लई हसली. पण एवढं ऐकून आई नुसती गमतीची बाई होती असं कुणी समजू नये. ती डूख धरणारी बाई होती. एका कचेरीतल्या कारकुनानं तिला एका दाखल्यासाठी दिवसभर व्हरांड्यात उभं केलं होतं. पुढे दिवाळीत तोच साखरेला आला. पोती त्याच्या डोळ्यांसमोर रचलेली. आई हसून म्हणाली, "स्टॉक संपला." तो गेल्यावर मला म्हणाली, "माल आणि राग दोन्ही दाबून ठेवावेत. भाव आल्याशिवाय काढू नयेत."

तिच्या सगळ्यात मोठ्या रागाचं कारण मी होते.

चौऱ्याण्णव साली मी वीस वर्षांची होते. राहुरीकडचं एक स्थळ मला सांगून आलं होतं. खातंपितं घर, शिकलेला मुलगा. मंडळी जीपने आली आणि आमच्याकडे यायच्या आधी समोरच्या घरी चहाला थांबली. समोरचं घर माझ्या काकांचं, म्हणजे खरं तर चंचलकाकीचं. नात्यात चौकशी करायची आमच्यात पद्धतच आहे. मुलगी पाहायच्या आधी शेजार पाहतात. काकीने त्यांना बदाम घातलेला चहा दिला आणि म्हणाली, "राखी ना? गुणाची पोर. आता अगदी बरी आहे."

बस्स. एवढंच. एक शब्द वाईट नाही त्यात.

मला बाराव्या वर्षी कावीळ झाली होती. पण 'आता बरी' म्हटल्यावर पाहुण्यांनी काय काय समजून घेतलं ते त्यांनाच ठाऊक. आमच्याकडे येऊन त्यांनी पोहे खाल्ले, माझ्याकडे डॉक्टरसारखं पाहिलं आणि मुलाला अजून शिकायचंय असा निरोप धाडला. न शिकताच त्या मुलाचं लग्न माघात झालं, चंचलकाकीच्या सख्ख्या भाचीशी. तेव्हा मध्यस्थाने आम्हाला सगळं सांगितलं. पुढे जे जे स्थळ आलं, त्याने हळूच विचारलं, "मुलीला काय झालं होतं?" आम्ही म्हणायचो, काही नाही. काही नाही म्हटलं की लोकांना वाटतं बरंच काही असणार. मग स्थळं यायची थांबली आणि मी गल्ल्याशेजारी बसायला लागले.

आई समोर जाऊन भांडली नाही. तिने बोलणं टाकलं. वडील आणि काका मंचरच्या बाजारात भेटले की एकमेकांशी बोलत, घोडेगावात आले की अनोळखी होत.

आमच्यात पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी संवत्सरी असते. उपवास, प्रतिक्रमण, आणि दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन हात जोडायचे, वर्षभरात मन दुखावलं असेल तर माफ करा, मिच्छामि दुक्कडम. आई गावातल्या एकूण एक जैन घरी जायची. शिंपी, कुंभार, कंडक्टर, ज्याला त्या शब्दांचा अर्थही माहीत नाही, त्यालाही हात जोडायची. समोरचं एक घर सोडून. चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींनी तिला एकदा बसवून समजावलं, की संवत्सरीलाही जो वैर सोडत नाही त्याचा धर्म वाया जातो.

"महाराज," आई म्हणाली, "चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना मी माफ केलं. ती एक सोडून. हिशेबात तेवढं चालत नसेल तर नरकात जाईन."

महासतीजींनी डोळे मिटून घेतले. मला मात्र त्या दिवशी आईचा अभिमान वाटला होता, हे मी लपवणार नाही. माझ्या बाजूने नरकात जायला तयार असणारं दुसरं कोण होतं?

चंचलकाकीला एकच मुलगी, नीलम. वैर मोठ्यांचं, पोरीवर आईने ते कधी काढलं नाही. नीलम फ्रॉकात होती तेव्हापासून रस्ता ओलांडून आमच्याकडे यायची, आईला बडी मम्मी म्हणायची आणि बरणीतली राजगिऱ्याची वडी घेऊन जायची. कॉलेजात गेल्यावरही यायची. आवाज कधी चढलेला नाही, उलट उत्तर नाही. काकीच्या पोटी अशी पोर कशी आली म्हणून सगळ्यांना नवल.

दोन हजार तीनच्या आषाढात दोन अनोळखी पुरुष दुकानात आले. डोंगरात भाताची आवणी चालू होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, लंकाबाई तेवढी पाऊस थांबायची वाट बघत बसली होती. त्यातला एक म्हणाला, "पावशेर जिरं द्या." आईने मला कोपराने खुणावलं. बाहेरगावचा जैन माणूस पावसात जिऱ्यासाठी उतरत नाही. तो चौकशीला उतरतो.

"कोपरगावहून आलो," दुसरा म्हणाला. "समोरच्यांची मुलगी आहे ना, नीलम? आमच्या पीयूषसाठी बघतोय. तुम्ही घरातलेच. काय सांगता?"

नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते पावशेर जिरं मागत दारात उभं होतं. मला वाटलं, आई आता काकीचं ते वाक्य काढेल. तेच, जसंच्या तसं. आणि खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं. काकीच्या घरी निरोप येईल, मुलाला अजून शिकायचंय, आणि मी इथे बसून काकीचं तोंड बघेन, हे मी मनात कितीदा पाहिलं होतं.

आईने जिरं तोललं. "सोन्यासारखी पोर," ती म्हणाली. "मोठ्या आवाजात बोलणं तिला माहीत नाही. उलटून बोलणार नाही. आणि सासरचं रडगाणं माहेरी येऊन सांगणारी तर ती नव्हेच. डोळे मिटून करा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना जे ऐकायचं होतं ते मिळाल्यासारखे ते वळले आणि थेट समोर गेले.

मी आईवर चिडले. "हेच का दाबून ठेवलं होतंस? नऊ वर्षं?"

लंकाबाईला वाटलं आईने मोठेपणा केला. ती म्हणाली, "ब्येस केलं, प्यारीबाय. आमी बी भांडतो, पर सावडीला यकमेकीच्या खाचरात जावाच लागतं. भात काय भांडन बगून थांबत न्हाई."

पाऊस उघडला, ती गेली. मग आईने मला सांगितलं. माझी मावशी कोपरगावला दिली आहे, पीयूषच्याच गल्लीत. तिचा आठवड्यापूर्वी फोन आला होता. त्या घरातली थोरली सून माहेरी गेली ती परत आली नव्हती. मध्यस्थ सांगत होता, बाळंतपणाला गेलीय. आणि पीयूष थोरल्याच्या वरताण. दारू, आणि हात चालतो. दारू चढली की आईवरसुद्धा हात टाकतो, सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"मी एक शब्द खोटा बोलले का?" आईने विचारलं. "तिनेही खोटं सांगितलं नव्हतं."

लग्न मोडलेलं मला चाललं असतं. हे नको होतं.

"नीलम आहे ती," मी म्हणाले.

"समोरच्यांनी सगळीकडे चौकशी केली. येवल्याला केली, वैजापूरला केली. कोपरगावात तुझी मावशी आहे हे चंचलला ठाऊक आहे. रस्ता ओलांडून एकदा विचारलं असतं तर काय पाय झिजले असते? मला विचारायला कमीपणा वाटतो ना तिला? वाटू दे."

साखरपुडा ठरला. पर्युषण आलं. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, आईचं पारणं व्हायचं होतं, मुगाचं पाणी समोर होतं, आणि चंचलकाकी दारात उभी राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, डोळे सुजलेले.

"भाभी," ती म्हणाली आणि आईच्या पायाशी बसली. "तुम्ही मोडू शकला असतात. मोडलं नाही. वर कौतुक केलंत. मी राखीचं वाटोळं केलं. भाचीसाठी केलं, जाणूनबुजून केलं. मिच्छामि दुक्कडम."

मी आईकडे बघत होते. नऊ वर्षं जे शब्द हवे होते ते सगळे आले होते, एकही राहिला नव्हता. आता ती सांगेल, मला वाटलं. आता तरी.

"ऊठ," आई म्हणाली. "मिच्छामि दुक्कडम. राखी, काकीला चहा टाक."

काकी चहा पिऊन, डोळे पुसून, हलकी होऊन गेली. मी कपबशी आपटली. "आता काय राहिलं तुझं?"

"ती सुखात आहे म्हणून आली," आई शांतपणे मुगाचं पाणी पीत म्हणाली. "सुखात माफी कुणीही मागतं. मुलगी खपली नसती तर आली असती?"

संध्याकाळी मी रस्ता ओलांडला. काका त्यांच्या दुकानात होते, काकी साड्यांची खोकी उघडून बसली होती. मी मावशीचा फोन, थोरली सून, दारू, मार, सगळं सांगून टाकलं. काकी ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा कठीण होत गेला.

"भाभीनं मन मोठं केलं," ती म्हणाली. "तुला ते बघवेना. तुझं झालं नाही म्हणून माझ्या पोरीचं मोडायला आलीस?"

"मावशीला फोन करा. नंबर देते."

"तुझ्या मावशीला? तीही तुमचीच. जा राखी. आजच्या दिवशी तरी जा."

आतल्या दारात नीलम उभी होती. हातांना मेंदीचा नमुना काढून बघितलेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, नेहमीसारखी.

मी घरी आले. माझा चेहरा बघूनच तिला कळलं असावं. ती म्हणाली, "खरं सांगायलासुद्धा पत लागते बाई. तुझी तिने कधीच बुडवली." आणि देव दिवाळीनंतर लग्न झालं. आईने लग्नात स्वतःच्या हाताने नीलमची ओटी भरली. काकी येईल त्या पाहुण्याला सांगत होती, माझ्या भाभीसारखी बाई नाही. मी तिकडे पाठ करून बसले. एकदा सांगितलं होतं, ज्याचं त्याने भोगावं, असं मला वाटत होतं, आणि ते वाटताना बरंही वाटत होतं.

होळीच्या आधी एका बाजाराच्या दिवशी काका नीलमला घेऊन आले. ती एसटीतून उतरली ते मी गल्ल्यावरून पाहिलं. डावा हात प्लास्टरमध्ये, चेहरा पदराने झाकलेला. ती माहेरी काही कळवत नव्हती. मावशीनेच शेवटी काकांना फोन केला होता.

थोड्या वेळाने चंचलकाकी रस्ता ओलांडून आली. गिऱ्हाईक उभं होतं, लंकाबाईच्या हिरड्याचं पोतं काट्यावर होतं. काकीने कुणाकडे पाहिलं नाही. तिच्या मागे नीलम होती.

"भाभी, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," आई म्हणाली.

"मी तुमच्या पायाशी बसले होते."

"बसली होतीस. तेव्हाही विचारलं नाहीस."

ती पोत्याला धरून खाली बसली. लंकाबाईने काट्यावरून स्वतःचं पोतं उतरवून घेतलं. "ह्या दुकानात आता न्हाई घालायचा माल," ती कुणालाच उद्देशून म्हणाली आणि पोतं डोक्यावर घेऊन निघून गेली. आईने तिला थांबवलं नाही.

मग नीलम पुढे आली. चेहऱ्यावरचा पदर तिने काढला. ओठ फुटून सुजला होता, त्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं.

"बडी मम्मी," ती म्हणाली, "मी काय केलं होतं?"

आईने तिच्याकडे पाहिलं. सरकारपासून सासवांपर्यंत सगळ्यांवर मत असलेली माझी आई रिकामा काटा सरळ करायला लागली.

"काही नाही," ती म्हणाली. "राखीनेही काही केलं नव्हतं."

"माझं नाव घेऊ नकोस!" मी ओरडले. भर बाजारात ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबली. "हे माझ्या नावावर घालू नकोस!"

आई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं होतं.

"मग कुणाच्या नावावर घालू?" तिने विचारलं.