बुडालेल्या गावाचा फलक

बाबा पुण्याहून मेलबर्नला आमच्याकडे आले होते, तेव्हा आम्ही त्यांना एका धरणाकाठच्या पार्कमध्ये घेऊन गेलो. मुलांचं कयाकिंगचं बुकिंग अकराचं होतं. पार्किंगजवळ धरणात बुडालेल्या गावाची माहिती देणारा मोठा फलक होता. त्यावर गावाचा नकाशा, कुणाचं घर कुठे होतं ते, शाळेतल्या मुलांचा फोटो आणि खाली प्रत्येकाचं नाव. बाबा चष्मा पुसून एकेक ओळ वाचायला लागले.

"बाबा, चला ना, स्लॉट जाईल," मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा ओरडलोच.

ते वळले नाहीत. म्हणाले, "आम्हाला ट्रकमध्ये घातलं आणि माळावर उतरवलं. नऊ वर्षांचा होतो मी. आमच्या गावावर आता बोटिंग चालतं. फलक नाही."

बाबांचं गाव धरणात गेलं, एवढंच मला माहीत होतं. पुढचं मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही "घरी गेल्यावर सांगा" म्हणालो आणि मुलांना लाइफ जॅकेट घालायला धावलो. घरी कुणीच विषय काढला नाही.

दोन वर्षांनी मुलाला शाळेत आजोबांच्या गावावर प्रोजेक्ट आलं. मी स्पीकर लावून बाबांना फोन केला. "शेजारी कोण राहायचं? वर्गात कोण होतं?"

ते म्हणाले, "तेव्हा विचारायचं होतंस रे. आता चेहरे दिसतात, नावं येत नाहीत."

मुलगा शेजारीच बसला होता. "इट्स ओके, डॅड," तो म्हणाला, "मी पुणे लिहितो."