निळ्या शिंगांचा बैल

"आमच्या पोरीच्या बैलाले निळे शिंग काहून? तुमचं निळं तुमच्या घरी ठेवा ना, मॅडम!"

असं म्हणून त्या बापानं मातीचा बैल माझ्या टेबलावर आदळला. एक शिंग मोडलं. अकोल्यातली खासगी बालवाडी, शाळा सुटायची वेळ, दारात पालकांची गर्दी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला मिरवायचे बैल त्यांनी वर्गात रंगवले होते. मी कुणालाच रंग सांगितला नव्हता. निळा त्याच्या पोरीनंच उचलला. एका बैलाची शिंगं गुलाबी होती, एकाची जांभळी. त्यांची तक्रार आली नाही. त्या बापाला शिंगं दिसलीच नव्हती. त्याला माझं आडनाव दिसलं, आमच्या बौद्ध वस्तीवरचा निळा झेंडा दिसला.

प्रिन्सिपल मॅडम हसल्या. त्याच्याकडे बघून. "निळा उचलूनच टाकते, भाऊ." आणि सगळ्यांसमोर निळ्या रंगाची बाटली घेऊन गेल्या. मी मोडलेलं शिंग उचललं.

मी चार-पाच वर्षांच्या पोरांना रंग मिसळायला शिकवते. ऋतू येईल तसा रंग. फाल्गुनात लाल आणि पिवळा, त्यातून पळसाचा केशरी. श्रावणापासून निळा आणि पिवळा, त्यातून हिरवा. बोटाखाली रंग पालटला की पोरं आनंदानं ओरडतात. त्या ओरडण्यासाठी मी या तुटपुंज्या नोकरीत टिकले.

पोळ्याच्या सुटीनंतर टेबलावर हिरव्याची तयार बाटली होती. मॅडम म्हणाल्या, "मिसळत काय बसता? पानं रंगवून घ्या आणि मोकळ्या व्हा."

पोरांनी पानं रंगवली. सगळी एकसारखी, प्लास्टिकच्या तोरणातल्यासारखी. कुणी ओरडलं नाही. तीच पोरगी माझ्याजवळ आली.

"मॅडम, निळा कुठी गेला?"

संपला, असं ओठावर आलं होतं. माझीच मला चीड आली.

"काढून घेतला."

"काहून?"

या काहूनचं उत्तर तिच्या बापानं द्यायचं होतं. मॅडमनी द्यायचं होतं. पोरीसमोर उभी मात्र मी होते. आणि तेव्हाच ठरवलं, बस झालं.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून कपड्यांची नीळ घेतली. वर्गात पाण्यात कालवली, पिवळ्यात सोडली. हिरवा जरा मळकट झाला, तुरीच्या पानासारखा. पोरं ओरडली. आवाज ऐकून मॅडम दारात.

"तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं, मॅडम. मी नाई आयकत."

आता मॅडम म्हणतात, शाळेच्या कमिटीपुढे माफी मागा, नाही तर घरी बसा. माफी मागणार नाही. काढायचं तर काढा. पण बाटली उचलली तसं मलाही सगळ्या पालकांसमोर, कारण सांगून काढा. तोवर वर्ग माझा आहे. आश्विनात पोरांना मोकळं आभाळ रंगवायचं आहे, आणि नीळ मी जास्तीची आणून ठेवली आहे.