क्लिपांचा डबा

उवा झाल्या नसत्या तर हे काही झालंच नसतं. पण झाल्या, आणि त्याही पाहुणे यायला दोनच दिवस उरले तेव्हा.

मी वाशिमच्या एका शिशुगृहात आया आहे. सकाळच्या एसटीनं अनसिंगहून यायचं आणि संध्याकाळी परत, असं बारा वर्षं चाललंय. ज्यांना कुणी नाही अशी लेकरं आमच्याकडे असतात, त्यांना आईबाप मिळेपर्यंत त्यांचं सगळं आम्हीच करतो. ज्या पोरीची ही गोष्ट आहे ती सहा महिन्यांची असताना आली. तेव्हा रडायचीसुद्धा नाही, नुसती छताकडे पाहत पडून राहायची. माझ्या मांडीवर ती बसायला शिकली, माझं बोट धरून चालायला शिकली आणि मला उलट बोलायलाही माझ्याकडूनच शिकली. तिचं नाव इथं लिहीत नाही. आता तिचं आडनावही दुसरं आहे.

इटलीतलं एक जोडपं तिला दत्तक घेणार होतं. कागदपत्रांत दोन वर्षं गेली, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला, पासपोर्ट आला. नवरा-बायकोनं वाशिमला येऊन आठ दिवस राहायचं, पोरीशी ओळख वाढवायची आणि मग दिल्लीमार्गे तिला घेऊन जायचं, असं ठरलं. आमच्या मॅडम, म्हणजे शिशुगृह सांभाळतात त्या, मला बजावून म्हणाल्या, "मावशी, पोर हसत गेली पाहिजे. रडत-ओढत गाडीत बसवायची नाही. आठ दिवसांत ती आपणहून आईच्या मांडीवर बसली पाहिजे. तेवढं तुम्ही बघा."

मी बघा! साडेचार वर्षं जिला मी मांडीवरून खाली ठेवली नाही, तिला मीच दुसरीच्या मांडीवर नेऊन बसवायची. बरं बाई, म्हटलं, बघते.

आणि नेमक्या तेव्हा उवा. अंगणवाडीतून आल्या असतील, कुठून का येईनात, पण पोरीचं डोकं बुजबुजलं होतं. तिचे केस म्हणजे माझा जीव की प्राण. रोज तेल लावून मी तिच्या दोन वेण्या घालायची. मॅडम दर महिन्याला इटलीला तिचा फोटो पाठवायच्या, त्यातही त्याच दोन वेण्या असायच्या. मेडिकलमध्ये औषध मिळतं, ते काय मला माहीत नव्हतं? पण लिखा एका धुण्यात जात नाहीत. त्यासाठी रोज दुपारी उन्हात फणी घेऊन बसावं लागतं, चांगले आठ-पंधरा दिवस. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र. इतक्या दुरून बाई येणार, पोरीला जवळ घेणार आणि तिच्या हातावर ऊ चढणार. मग ती तिकडं जाऊन सांगणार, वाशिमच्या बायका लेकरांचं डोकंही बघत नाहीत! मॅडम त्या दिवशी कामासाठी अकोल्याला गेलेल्या. मी सरळ न्हाव्याला बोलावलं आणि पोरीचं चकोट करून टाकलं.

काय रडली पोरगी! कापलेली वेणी हातात धरून मला विचारते, "मावशे, माहे केस काहून काढून राह्यली?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुही नवी आई येऊन राह्यली ना, तिच्यासाठी."

"मंग मले नाही पायजे ते आई," ती म्हणाली.

पाहुणे आले. बाई उंच, तिचे केस मक्याच्या कणसाच्या केसांसारखे सोनेरी, पाठीवर मोकळे सोडलेले. दिल्लीत घेतलेला सलवार-कमीज घातला होता, ओढणी मात्र मफलरसारखी गुंडाळली होती. नवरा धिप्पाड, डोक्यावर एक केस नाही. बाई आल्या आल्या फरशीवर मांडी घालून बसली आणि पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. मॅडम इंग्रजीतून मराठी करून सांगत होत्या. दर महिन्याला फोटो आला की बाई पोरीसाठी केसांची एक क्लिप घ्यायची. दोन वर्षांच्या क्लिपा त्या डब्यात होत्या. फुलपाखरं, चांदण्या, लाल-लाल स्ट्रॉबेऱ्या.

डबा उघडून तिनं वर पाहिलं तर समोर तुळतुळीत डोकं.

पोरीनं डब्यात पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि डब्याला अशी लाथ हाणली की क्लिपा खोलीभर झाल्या. मग माझ्या पदरामागे येऊन लपली. बाई गुडघ्यांवर रांगत एकेक क्लिप गोळा करत होती आणि मॅडमना विचारत होती, ही आजारी होती का? मॅडमनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला पळता भुई थोडी झाली. मग मी दिलं ठोकून.

"सांगा त्यांना, आमच्याकडे रिवाज आहे. लेकरू दूर धाडायचं असलं की आधी डोकं साफ करतात. प्रवासात नजर लागत नाही."

असला रिवाज ना वाशिमात ना जगात कुठं! पण पाहुण्यांसमोर मॅडम तरी काय बोलणार, त्यांनी तसंच सांगितलं. बाईनं मोठ्या आदरानं मान डोलावली, वही काढली आणि माझा रिवाज लिहून घेतला.

त्या वहीत ती सगळंच लिहायची. चपला बाहेर का काढायच्या, जेवताना ताटाभोवती पाणी का फिरवायचं, लेकरांच्या गालाला काळा ठिपका कशाला. स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसली तर पीठ परातीला असं चिकटलं की ते चमच्यानं खरवडावं लागलं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. नवऱ्यानं ठेचा चाखला, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्यानं आणखी मागून घेतला. गल्लीत ज्यानं बोलावलं त्याच्या घरी दोघं चहा प्यायले. बाजारातल्या चुडीवाल्या चाचीनं बाईचा हात दाबून-दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या आणि म्हणाली, "हात तो मक्खन है, बेटी." बाईनं तेही लिहून घेतलं.

बाकीची लेकरं दोन दिवसांत तिला चिकटली. एक मांडीवर, एक पाठीवर, दोघी-तिघी तिच्या सोनेरी केसांत बोटं घालून बसलेल्या. आणि आमची ही मात्र दारात बसून दुरून पाहायची. चाचीकडून आणलेल्या छोट्या बांगड्या तिनं घेतल्या, घातल्या, पण बाईनं हात पुढे केला की उठून माझ्याकडे. मॅडमनी समजावलं तर फणकाऱ्यानं म्हणाली, "तिनं माहे केस नेले."

मॅडमना वाटलं, पोर काहीतरी बडबडतेय. मला मात्र सगळं कळत होतं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. ती माझ्याकडे पळत आली की आतून सुख व्हायचं. मी मनाशी म्हणायची, बघा, क्लिपांनी लेकरू मिळत नाही, त्यासाठी रात्रंदिवस खस्ता खाव्या लागतात. एका शब्दाचं काम होतं, पण तो शब्द माझ्या जिभेवर येत नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी मोरीत हात धुवायला गेले तर बाई तिथं भिंतीकडे तोंड करून उभी. नळ सोडलेला आणि खांदे हलत होते. मला पाहिलं तसं तिनं घाईघाईनं तोंड धुतलं, हसली आणि मराठीत म्हणाली, "पाणी." तरी गप्पच राहिले मी, अशी मी.

सहाव्या दिवशी सकाळी दोघं आली ती काहीतरी ठरवूनच. बाईनं मॅडमना काही सांगितलं आणि मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मावशी," त्या म्हणाल्या, "या म्हणताहेत की प्रवास त्यांनाही करायचाच आहे. तुमच्या रिवाजाप्रमाणे त्याही डोकं साफ करून घेणार आहेत. म्हणजे पोरीला एकटीला वाटणार नाही. तो न्हावी आज मिळेल का, विचारताहेत."

नवऱ्यानं आपल्या टकलावर हात फिरवला आणि काही बोलला. मॅडम म्हणाल्या, "ते म्हणतात, माझा रिवाज देवानंच करून ठेवलाय."

"अवो माय माही!" मी खालीच बसले. नवरा धडधाकट समोर बसलेला, हातात नवा हिरवा चुडा, आणि त्या बाईचं चकोट! तेही माझ्या एका थापेपायी! म्हटलं, "नाही हो, मॅडम. असा काही रिवाज नाही. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. मले लाज वाटली, म्हणून म्या केस काढले. अन् मंग खोटं सांगतलं."

मॅडमनी ते इंग्रजीत केलं. आता ही बाई मला काय म्हणेल, म्हणून मी मान खाली घालून बसले. बाई खो-खो हसत सुटली. ती तिकडं बालवाडीची शिक्षिका. तिच्या शाळेत म्हणे दर हिवाळ्यात उवा होतात आणि ती घरोघर चिठ्ठ्या पाठवते. हसता हसता तिनं माझ्यापुढे डोकं वाकवलं आणि बोटानं दाखवलं. दोन दिवसांपासून तिचंही डोकं खाजत होतं. आम्हाला काय वाटेल म्हणून तिनं सांगितलं नव्हतं!

मग काय, अंगणात उन्हात चटई टाकली. तिला पुढ्यात बसवलं, मांडीवर पांढरा कपडा पसरला आणि केसांना खोबरेल तेल चोपडून फणी चालवली. पहिली ऊ कपड्यावर पडली, मी नखावर चिरडली, तशी सगळी लेकरं गोळा झाली. सोनेरी केसांत काळी ऊ, लपणार कुठं! आमची दारातून अंगणात आली, अंगणातून चटईवर आली.

"मावशे, ते पाह्य! तिकडे पळून राह्यली!"

"मंग धर ना," मी म्हटलं.

तिनं धरली आणि नखावर चिरडली. मग दुसरी. बाई "आई आई" करत खोटंखोटं ओरडायची आणि ही खुदुखुदु हसायची. सहा दिवसांत पहिल्यांदा तिनं त्या बाईला हात लावला, तो असा. चार-पाच उवा मारेपर्यंत ती तिच्या खांद्याला टेकून उभी होती. आणि मग एकदम थांबली.

"मावशे, हिचे केस नाही काढाचे?"

"फणीनं निघतात ना उवा. केस कायले काढाचे?"

"मंग माहे काहून काढले?"

मॅडमसमोर कबूल केलं होतं, बाईसमोर केलं होतं, पण पोरीसमोर ते बोलणं भलतंच अवघड होतं. तरी बोलले. "तुह्या आईनं नव्हतं सांगतलं. म्याच काढले. मले फणी घेऊन बसाले पायजे होतं, म्या नाही बसली. अन् नाव तिचं घेतलं. तिनं तं तुह्यासाठी क्लिपा आणल्या होत्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. असं तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्या हातातली फणी ओढून घेतली, फिरून पुढे गेली आणि माझ्याकडे पाठ करून त्या बाईच्या मांडीत जाऊन बसली.

बाईला आमचं बोलणं कळलंच नव्हतं. तिचे दोन्ही हात तसेच वर राहिले, पोरीला धरावं की नाही ते तिला समजेना. वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच खूण केली, धर.

तिनं धरलं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि नको असताना चार कांदे चिरले. रडले, चांगली हमसून रडले. पण सहा दिवस जो दगड उरावर होता तो गेला होता. बाहेर त्या दोघींचा हसण्याचा आवाज येत होता आणि तो ऐकत राहावंसंही वाटत होतं.

पुढचे दोन दिवस पोरगी माझ्याशी बोलली नाही. बाईच्या डोक्याला मीच तेल लावायची, तेव्हा ही तिच्या मांडीवर बसून फणी धरायची, लागली की मला द्यायची. जाण्याच्या दिवशी बाईची मी वेणी घातली. तिनं डब्यातल्या दोन क्लिपा काढून पोरीच्या हातात दिल्या आणि पोरीनं त्या बाईच्या वेणीला लावल्या. गाडी आली. पोर आईच्या मांडीवर बसली, रडली नाही, ओढावी लागली नाही. मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसं. खिडकीतून माझ्याकडे पाहिलंही नाही. फणी मात्र मुठीत घट्ट होती. मी मागितली नाही.

उन्हाळ्यात मॅडमच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. केस कानापर्यंत आलेले आणि त्यात दोन वर्षांच्या सगळ्या क्लिपा, एकीवर एक, बसेल तिथं खोचलेल्या. मला पाहून ती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की नुसतं नाकच दिसायला लागलं.

"मावशे, पाह्य, आले माहे केस!"

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कोण विंचरते वं?"

"आई." माझी फणी तिनं वर करून दाखवली. "आई हळू विंचरते. तू लय ओढत होती."

ओढत होते. खरंच आहे ते.