ट्यूब सोमवारी परत आणायची

आमच्या बल्बच्या कारखान्यात फुटक्या काचेचा ढीग रोज संध्याकाळी गाडीत भरून जायचा. किश्शांचा ढीग मात्र कुणी उचलला नाही, तो माझ्याकडेच साठत गेला. यशवंतपूरचा कारखाना, नव्वदनंतरची ती वर्षं. आजही पाच मिनिटं करंट गेला की माझं तोंड सुरू होतं, आणि दिवे आले तरी बंद होत नाही.

* * *

मी निपाणीकडची. नवरा यशवंतपूरच्या मार्केटात पोती उचलायचा, तिथेच कुणीतरी सांगितलं की बल्बच्या कारखान्यात बायका घेतात. गेले. शिवण्णा म्हणून सुपरवायझर होता, त्यानं विचारलं, किती शिकलीस?

म्हटलं, शाळेची पायरी चढले नाही, पण सुईत दोरा एका दमात ओवते.

त्यानं हातात चिमटा दिला आणि केसाहून बारीक तार. ती दोन खुंट्यांवर अडकवायची, तीच पुढे बल्बमध्ये पेटते. मी श्वास धरला आणि अडकवली. शिवण्णा म्हणाला, "उद्यापासून ये. आणि श्वास घेत जा, इथं त्याला बंदी नाही."

* * *

माझ्या शेजारच्या टेबलावर जयम्मा बसायची. इथलीच, तुमकूर रोडची. तिच्याकडून मी कन्नड शिकले आणि तिनं माझ्याकडून भांडायचं मराठी.

आम्हाला एक खोड लागली होती. तयार बल्ब कानाशी धरून हलवायचा. आत किणकिण वाजलं की तार तुटली, बल्ब बाजूला. दिवसभर तेच केल्यावर हाताला दुसरं काही सुचत नाही. बाजारात आम्ही नारळ हलवायचो ते ठीक, पण जयम्मा साबणाची वडीसुद्धा हलवून घ्यायची.

तिच्या भावाच्या लग्नात ती आहेर घ्यायला उभी राहिली. नवरीच्या मामांनी चकचकीत कागदात बांधलेलं घड्याळ दिलं. जयम्मानं ते सगळ्यांसमोर कानाशी नेलं, हलवलं, आणि मामांच्याच हातात परत ठेवलं. म्हणाली, "हा गेलाय. दुसरा द्या."

* * *

दिवे बनवणाऱ्यांच्या घरी उजेड असतो असं लोकांना वाटतं. आमच्या हॉलला खिडक्या नव्हत्या. भरदुपारी करंट गेला की काच तापवायच्या ज्योती तेवढ्या निळ्या दिसायच्या, बाकी मिट्ट काळोख. आणि भोवती टोपल्याच्या टोपल्या बल्ब!

एकदा अशात मॅनेजर राव साहेब आत अडकले. हलले की काही ना काही फुटणार, म्हणून जागीच उभे राहून त्यांनी टॉर्च मागवला. स्टोअरवाला चाचपडत घेऊन आला. बटण दाबलं, टॉर्च पेटेना. साहेब चिडले. एवढ्या मोठ्या बल्बच्या कारखान्यात टॉर्चला बल्ब नाही?

स्टोअरवाला अंधारातूनच म्हणाला, "सर, तेवढा छोटा आपण बनवत नाही."

* * *

ट्यूबलाईट काही आमच्या काळात निघाली नाही, ती खूप जुनी. शिवण्णा सांगायचा, तो लहान असताना त्यांच्या पेठेत पहिली ट्यूब एका साडीवाल्या शेट्टींनी लावली. लोक लांबून बघायला यायचे. चारदा लुकलुक करून ती लागली की पोरं टाळ्या वाजवायची.

पण त्या जुन्या ट्यूबचा उजेड निळसर. बायकांचे चेहरे आजारी दिसायचे आणि तांबडी साडी वांग्याच्या रंगाची. बायका साडी उचलून रस्त्यावर जायच्या, उन्हात बघायच्या, आणि काहीजणी तिकडूनच घरी निघायच्या. मग शेट्टींनी गादीच्या वर जुना पिवळा बल्ब परत टांगला.

कुणी विचारलं, दोन्ही कशाला? तर म्हणायचे, "ट्यूब गिऱ्हाईक बोलवायला, बल्ब साडी विकायला."

* * *

हसत होतो तोवर आमच्याच पोटावर आलं. घरोघरी ट्यूब लागायला लागल्या, बल्बची मागणी उतरली. दिवाळीच्या आधी राव साहेबांनी सांगितलं की हातानं तार अडकवायचं काम बंद होणार. शेजारच्या शेडमध्ये ट्यूबचं काम वाढतंय, पण तिथं पुरुष घेणार. चार फुटी काच, आतून पांढरी पावडर चढवायची, गरम असताना उचलायची. बायकांच्या हातून फुटेल.

जयम्माचा नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरीच होता. दोन मुलं, सासू, सगळं तिच्या एका पगारावर. ती उठून उभी राहिली. म्हणाली, सर, केसाएवढी तार हातात टिकते, तर मनगटाएवढी काच टिकणार नाही?

साहेब हसले. त्या वर्षी दिवाळीला सगळ्यांना एकेक ट्यूब भेट द्यायची ठरली होती. म्हणाले, "सरी, ठीक आहे. शुक्रवारी ट्यूब घ्या, बसनं घरी न्या, सोमवारी परत आणून दाखवा. जिची शाबूत, ती ट्यूबच्या शेडमध्ये."

* * *

शुक्रवारची बस म्हणजे काय सांगू. दिवाळीची गर्दी, आणि त्यात आम्ही साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या ट्यूबा छातीशी धरून उभ्या. ब्रेक लागला की आम्ही पडायचो, ट्यूब वर.

कंडक्टर जयम्मापाशी आला. तिच्या ट्यूबकडे बोट करून म्हणाला, ह्याचं तिकीट?

"लहान मूल आहे, त्याला कसलं तिकीट," जयम्मा म्हणाली.

"एवढं उंच?"

"बापावर गेलंय."

कंडक्टरनं पुढच्या माणसाला उठवलं आणि म्हणाला, बस अम्मा, बाळंतीण आहेस.

* * *

सोमवारी सगळ्यांच्या ट्यूबा भिंतीला उभ्या राहिल्या. एकीलाही तडा नाही. जयम्मा मात्र हात हलवत आली.

साहेबांनी विचारलं, "फुटली?"

"नाही सर. लावली." मग तिनं सांगितलं की लक्ष्मीपूजनाला तिच्या नवऱ्यानं ट्यूब पट्टीत बसवली, सासूनं तिला कुंकू लावलं, आणि आता सासू ती काढू देत नाही. पूजेला लागलेला दिवा घराबाहेर गेला की लक्ष्मी त्याच्या मागोमाग जाते म्हणे.

साहेब म्हणाले, बाकीच्यांनी आणली, तुझ्या एकटीच्या शब्दावर कसं घेऊ? अट म्हणजे अट.

जयम्मा हटली नाही. "शाबूत असली पाहिजे ही अट होती ना सर? शाबूत आहे. तुम्ही येऊन बघा."

साहेबही हट्टी. जेवणाच्या सुट्टीत कंपनीची जीप काढली आणि तिला घेऊन गेले. आम्ही डबे तसेच ठेवून जीपची वाट बघत बसलो.

तासाभरानं जीप परत आली. साहेब उतरले ते कुणाकडे न बघता. उजव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला, रुमालाच्या कडेला पिवळं काहीतरी. शिवण्णाला म्हणाले, "जयम्माला ट्यूबच्या शेडमध्ये घे. सगळ्यांना घे." चार पावलं गेले, परत वळले. "आणि स्टोअरमधून एक ट्यूब काढून जीपमध्ये ठेव. आज संध्याकाळच्या आत तिच्या घरी पोचली पाहिजे."

आम्ही जयम्माला घेरलं. ती शांतपणे डबा उघडत होती.

"साहेब म्हणाले, अट म्हणजे अट, ट्यूब न्यावीच लागेल. सासूबाई म्हणाल्या, बायकांच्या हातून फुटते म्हणता, तर तुम्हीच काढून न्या. साहेब स्टुलावर चढले."

"मग?"

"मग काय अक्का, सासूबाईंनी हळद लावली."