दुपारी संथ होणारं नेट

ते प्रकरण आठवलं की माझीच एक चूक आधी आठवते. मी तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. कॉलेजात शिकवणारी एक तरुणी वडिलांबरोबर तक्रार घेऊन आली. कुणीतरी तिचे फोटो लावून खोटं खातं उघडलं होतं आणि त्यावर घाणेरडा मजकूर टाकत होतं. तिचं ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं होतं. जबाब देताना ती रडली नाही. एकेक तारीख नीट सांगत गेली.

गुन्हा नोंदवून आम्ही सायबर कक्षाला पत्र दिलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. सगळा मजकूर तिच्याच गावातल्या एका घरच्या इंटरनेट जोडणीवरून गेला होता, आणि ते घर निघालं तिच्या प्राथमिक शाळेतल्या निवृत्त गुरुजींचं.

गुरुजींना मी ठाण्यात बोलावलं. दोन तास एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. त्यांचं उत्तर बदललं नाही. त्यांना साधा फोटो पाठवता येत नव्हता. पण कागदावर पत्ता त्यांचा होता आणि माझा कागदावर विश्वास होता. त्यांचा मोबाइल तपासला, त्यात काही सापडलं नाही. तरी मी त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं. ते जीपमधून ठाण्यात गेल्याचं गावानं पाहिलं आणि त्यांचं फिरायला जाणं बंद झालं. शाळेच्या समितीतूनही त्यांना बाजूला केलं.

त्या दुसऱ्या चौकशीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांची सून ठाण्यात आली. ती एका कंपनीचं काम घरच्या संगणकावर करायची. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, दिवसपाळीला. तिनं माझ्या टेबलावर शंभर पानी वही ठेवली. दुपारी काम अडतं म्हणून इंटरनेटवाल्याकडे तक्रार करायला तिनं रोज तीन वेळा वेग तपासून लिहून ठेवला होता. सकाळी वेग पुरा, संध्याकाळी पुरा, दुपारी एक ते दोन मात्र निम्म्याहून कमी.

"साहेब, त्या वेळी मामा झोपलेले असतात आणि संगणकावर मी एकटीच असते," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मग बाकीचं नेट वापरतंय कोण?"

मी गुन्ह्याचे कागद मागवले. मजकूर टाकल्याच्या वेळा वहीशेजारी ठेवून पाहिल्या. एक सोडली तर सगळ्या एक ते दोनमधल्या.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. बरोबर सायबर कक्षातली एक महिला शिपाई होती. जीप चौकापलीकडे ठेवली. घरातले दोन्ही मोबाइल बंद करायला लावले, चालू ठेवला फक्त संगणक. एक वाजून गेल्यावर सुनेनं वेग तपासला. आकडा खाली आला होता. मग तिनं राउटरचं पान उघडलं. जोडणीवर कोणकोणती साधनं चालू आहेत, ते तिथं दिसतं. एक तिचा संगणक, आणि एक मोबाइल, जो घरातल्या कुणाचाच नव्हता.

पासवर्ड कुणाकुणाला दिलाय, असं मी विचारलं. गुरुजींनी आठवून सांगितलं. पुराच्या वेळी त्यांच्या वरच्या मजल्यावर शेजारची दोन कुटुंबं आठवडाभर राहिली होती. नातेवाइकांना खुशाली कळवता यावी म्हणून त्यांनी तो भिंतीवर लिहून ठेवला होता. नंतर बदलायचं कुणाला सुचलं नाही.

शिपाई बाईंनी त्या पानाची नोंद घेतली आणि मी सुनेला पासवर्ड बदलायला सांगितलं. आम्ही चहा घेत बसलो.

पंधरा मिनिटांत दार वाजलं. पन्नाशीचा एक गृहस्थ आत आला. पुरात वर राहिलेला शेजारी होता, पशुखाद्याचं दुकान चालवायचा, गावात वजन असलेला. मला पाहून त्यानं "पावणं कुठलं?" असं विचारलं. कोल्हापूरचा, मी म्हणालो.

"गुरुजी, तुमचं नेट बंद हाय काय? पोरीचा अभ्यास अडलाय की."

"पोरगी कुठं हाय आत्ता?" मी विचारलं.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. दुपारचा दीड वाजला होता आणि पोरगी शाळेत होती.

पंचांसमक्ष त्याचा मोबाइल जप्त केला. राउटरवर दिसलेला तोच. खोटं खातं अजून त्यात उघडं होतं. ठाण्यात त्याला मी आवाज चढवून काही विचारलं नाही. फक्त सुनेची वही आणि मजकुराच्या वेळा समोर ठेवल्या. तासाभरानं तो बोलला. त्याच्या पुतण्याचं स्थळ त्या मुलीनं नाकारलं होतं आणि तो अपमान त्याला पचला नव्हता. रोज दुपारी जेवायला घरी आला की तो गुरुजींच्या नेटवर व्हिडिओ बघत हे उद्योग करायचा. गुरुजींची चौकशी चालू असताना रोज संध्याकाळी तोच त्यांना धीर द्यायला येत होता.

दोषारोपपत्र गेलं, पुढं त्याला शिक्षा झाली. पण त्याआधी, अटक झाली त्याच आठवड्यात, मी गणवेशात गुरुजींच्या घरी गेलो आणि त्यांना घेऊन शाळेपर्यंत चालत गेलो. वाटेत लोक उठून नमस्कार करत होते. गुरुजींनी कुणाकडे पाहिलं नाही. फाटकापाशी ती तरुणी उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी, मला पण तुम्हीच वाटलात."

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "कागदच तसा होता, बाळ."

ते तिला म्हणाले, पण लागलं मला. कागदानं घर बरोबर दाखवलं होतं, माणूस मी ठरवून टाकला होता. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत पत्ता हाती आला की मी आधी त्या घरी जाऊन बसलो, आणि तिथं कोण येतं-जातं ते विचारल्याशिवाय कुणालाही जीपमध्ये बसवलं नाही.