मागच्या बाकाचा गिलास

प्रभुभोजनाचा पेला आमच्यापर्यंत आला आणि मागे फिरला. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. चर्चचे एक पंच, नेहमी पुढच्या बाकावर बसणारे, स्टीलचा गिलास घेऊन आले. त्यात द्राक्षरस ओतलेला.

"तुमी ह्यातून घ्या. आजारपणाचे दिवस हायेत."

तुमी म्हणजे मागच्या बाकावरचे. झरीच्या मांगवाड्यातून पूर्णेला आलेले. पुढच्या बाकावरच्या सगळ्यांनी त्याच पेल्याला ओठ लावले होते. मी दवाखान्यात नर्स आहे. आजार बाक बघून येत नाही, एवढं मला कळतं.

शेजारी माझे वडील वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून होते. गावातल्या हॉटेलात त्यांचा कप बाहेर वेगळा ठेवलेला असायचा. चहा प्यायचा, आपला कप आपणच विसळायचा. मग गावात एक उपदेशक आला. म्हणाला, "बाकीकडं माणूस देवाचे पाय धुतो. आमच्या देवानं माणसाचे पाय धुतले. आन् आमच्यात समदे एकाच पेल्यातून पितात." बाकीचं वडिलांना फारसं कळलं नाही. पेला कळला. त्या पेल्यासाठी त्यांनी भावकी तोडली. चुलते तेव्हाच म्हणाले होते, "कुठंबी जा, पळसाला पानं तीनच." वडील त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलले नाहीत.

आता तेच वडील गिलास तोंडाला लावत होते. मुकाट्यानं. पिऊन झाल्यावर त्यांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसून परत दिला. जुनी सवय. माझ्या अंगाची आग झाली.

गिलास माझ्यापुढं आला.

"घे माय," वडील पुटपुटले. "देवाच्या घरात वाद नको."

"मला पेला पाहिजे," मी म्हणाले.

"पुढच्या बारीला बघू," पंच म्हणाले आणि वळले. गीत सुरू झालं, प्रेमाचंच.

बाहेर आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "चुलत्याला सांगू नको."

सांगणार नाही. पण चर्चही सोडणार नाही. पाय धुणारा देव खोटा असेल, तर पंचांनी तसं माझ्या तोंडावर सांगावं. खरा असेल, तर पेला द्यावा. पुढच्या प्रभुभोजनाला मी वडिलांना घेऊन सगळ्यांच्या आधी कठड्याशी गुडघे टेकणार आहे. पेला पहिल्यांदा वडिलांच्या ओठांना लागेल. तोवर आमच्या मागची रांग पुढं सरकणार नाही.